चौथी ट्यूब उघडू नकोस

पत्र: मावशी, नमस्कार. मी ३४ वर्षांची, बडोद्यात दांडिया बाजारात राहते, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी नवरात्रात नऊही रात्री गरब्याला गेले, रोज भरपूर मेकअप. दसऱ्यानंतर हनुवटीवर बारीक पुरळ आलं. माझ्या जाऊबाई 'डाग जातात' म्हणून एक ट्यूब लावतात, त्यांनीच दिली. तीन दिवसांत चेहरा लख्ख! बंद केली की आठवड्याभरात पुरळ परत, आधीपेक्षा जास्त. अशा तीन ट्यूबा संपल्या, चौथी कपाटात आहे. तिच्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन असं लिहिलंय. आता तोंडाभोवती लाल कडंच झालंय, आग होते. वर्गातली मुलं विचारतात म्हणून मास्क लावून शिकवते. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सेवउसळ बंद कर. पार्लरवाली म्हणते पिंपल्स आहेत, क्लीनअप करून घे. हे म्हणतात टूथपेस्ट बदल. माघात धाकट्या दिराचं लग्न आहे. चौथी ट्यूब उघडू, की तुम्ही दुसरी एखादी क्रीम सांगता?

उत्तर:

उघडू नकोस. पुढचं सगळं नंतर सावकाश वाचलंस तरी चालेल, पण एवढं आत्ताच ऐक.

मी डॉक्टर नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. रावपुऱ्याकडे आमचं मेडिकलचं दुकान होतं आणि २६ वर्षं मी त्या काउंटरमागे उभी होते. त्यामुळे ही ट्यूब मला तुझ्याहून जास्त ओळखीची आहे. मी ती विकली आहे. एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी, येऊन दहावर एक फुकट अशी स्कीम सांगायचे, आम्ही पेटीच घ्यायचो, आणि दिवाळी-लग्नसराईत ती शॅम्पूच्या पुड्यांसारखी खपायची. चिठ्ठी आहे का, असं कुणी विचारत नसे. मीही नाही.

एक मुलगी आठवते. वीस-एकवीसची असेल. दर महिन्याला यायची. एकदा तिने रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवली, 'हीच द्या' म्हणून. खालून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आणलेली आणि मग कात्रीने उभी चिरून आतला शेवटचा थर बोटाने पुसून काढलेला. मी मान वर करून पाहिलं तर तिच्या नाकाच्या पाळ्यांपासून हनुवटीपर्यंत, तू लिहिलंयस तसंच लाल कडं. मी पाहिलं, माझ्या लक्षातही आलं, आणि मी नवी ट्यूब काढून दिली. मागे रांग होती एवढंच काय ते कारण. तुझं पत्र वाचताना मला ती चिरलेली ट्यूबच दिसत होती.

आता आरशासमोर उभी राहा, चांगल्या उजेडात, मास्क काढून. ओठांच्या अगदी कडेला, ओठ संपतात तिथे, दोन-चार मिलिमीटरची बारीकशी पट्टी स्वच्छ राहिली आहे का? आणि तिच्या बाहेर पुरळ सुरू होतंय? दाणे खसखशीपेक्षा मोठे आणि मोहरीपेक्षा लहान, पुंजक्यांनी आलेले, काहींच्या टोकाला किंचित पू, मधल्या त्वचेवर कोंड्यासारखे पापुद्रे? खाजेपेक्षा आग आणि ताण जास्त? नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत पण आहे? हे सगळं जुळलं तर बहुतेक हा पेरिओरल डर्मटायटिस आहे, म्हणजे तोंडाभोवतीचा त्वचेचा दाह. ती कोरी पट्टी ही त्याची मोठी खूण. हे नाव १९६४ पासून वापरात आहे आणि त्रास होणाऱ्यांत तुझ्या वयाच्या बायकाच जास्त असतात. गोऱ्या त्वचेवर तो लाल दिसतो, आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगावर पुष्कळदा तपकिरी किंवा काळपट, म्हणून तो 'डाग' समजला जातो आणि डागांची ट्यूब लावली जाते. संसर्गजन्य नाही. वर्गातल्या मुलांना तुझ्यापासून काही होणार नाही.

पिंपल्सही नाहीत. पिंपल्समध्ये काळी-पांढरी टोकं दिसतात, ब्लॅकहेड्स म्हणतो ती. इथे ती नसतात. पार्लरवालीला सांग, क्लीनअप नको, वाफ नको, स्क्रब नको, ब्लीच तर नाहीच, आणि दोनेक महिने अप्परलिपही नको. मिशी दिसली तर दिसली.

ट्यूबकडे येते. तू नीट नावं उतरवून पाठवलीस, बरं केलंस. तीन औषधं आहेत त्यात. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य कमी करतं, ट्रेटिनॉइन त्वचेचा वरचा थर पटापट बदलतं, आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. हे मिश्रण मुळात वांगासाठी आहे, डॉक्टर ते मोजके आठवडे देतात आणि मग थांबवतात. वर्षभर चेहऱ्यावर चोळायची ही वस्तू नाही. इतरांनी आपापल्या ट्यूबच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचावं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. खाजेच्या, गजकर्णाच्या, 'सगळ्यावर चालते' अशा मलमांतही ते असतं.

स्टेरॉइड लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. लाली जाते, सूज बसते, चेहरा उजळ दिसतो. म्हणून 'तीन दिवसांत लख्ख'. पण दाह गेलेला नसतो, दाबलेला असतो. लावत राहिलं की त्वचा पातळ होत जाते, बाहेरचं पाणी-साबण-धूळ अडवण्याची तिची ताकद कमी होते. मग ट्यूब थांबवली की आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल सुटतात, दाबून ठेवलेला दाह उसळतो, आणि आपण म्हणतो, बघ, औषध बंद केलं की वाढतं, म्हणजे औषध गुणकारी आहे! दुसरी ट्यूब. तिसरी. जे विझवतंय असं वाटतं तेच सरपण घालत असतं. तुझी पहिली ट्यूब कदाचित मेकअपच्या साध्या पुरळावर लागली असेल, जे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बसलं असतं. दुसऱ्या ट्यूबपासून मात्र तू पहिल्या ट्यूबनेच केलेल्या आजारावर उपचार करत होतीस.

यात तू एकटी नाहीस, हे सांत्वन म्हणून लिहीत नाही. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण पाहिले आणि त्याचा अहवाल २०११ साली छापला. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, म्हणजे शंभरात जवळपास १५, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. मग कुणी सांगितलं? मैत्रिणीने, पार्लरने, जावेने, आणि काउंटरमागच्या माझ्यासारखीने. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर केली. तुला तिसरी ट्यूब कुठे मिळाली ते मी विचारत नाही.

घरातल्या बाकीच्या निदानांबद्दल थोडक्यात.

सासूबाईंची उष्णता. सेवउसळीने हा आजार होत नाही. तर्री घातलेली गरम गरम सेवउसळ खाल्ली की चेहरा तापतो, लाल होतो, आणि तिखट रस्सा ओठाबाहेर लागला की सोललेल्या त्वचेवर झोंबतो, हे खरं. तेव्हा महिनाभर कमी तिखट खा, पाव नीट बुडवून सांभाळून खा, तोंड पुसताना रुमालाने घासू नकोस. पण बडोद्यात राहून सेवउसळ कायमची सोडायचं काही कारण नाही. सासूबाईंना म्हण, 'तुमचं ऐकलं, कमी केली.' घरात शांतता राहील.

यजमानांच्या टूथपेस्टमध्ये थोडं तथ्य आहे. फ्लोराइडच्या आणि दालचिनीचा स्वाद असलेल्या पेस्टने काहींचा त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत. दालचिनी-लवंगवालं मंजन असेल तर आजच बदल. महिना-दीड महिना साधी, फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरून पाहायला हरकत नाही, दातांसाठी पुन्हा फ्लोराइडवर ये. आणि दात घासताना तोंड वाकून बेसिनजवळ ने, फेस हनुवटीवर ओघळू देऊ नकोस. मात्र ट्यूब चालू ठेवून नुसती पेस्ट बदलली तर काहीही होणार नाही.

मास्कबद्दल कुणीच काही म्हटलं नाही, पण मला त्याचीच काळजी वाटते. तासन्‌तास बोलताना आत वाफ साचते, घाम साचतो, कापड घासतं. लपवायला लावलेला मास्क कड्याला उबवतो. शक्य असेल तिथे काढ. मुलांना एकदाच सरळ सांग, 'टीचरला त्वचेचा त्रास झालाय, औषध चालू आहे, तुम्हाला होणार नाही.' मुलं दोन दिवसांत विसरतात, स्टाफरूमलाच जास्त वेळ लागतो. लावावाच लागला तर सुती, रोज धुतलेला.

आणखी एक, तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते. दम्याचा स्टेरॉइडचा पंप किंवा नाकात मारायचा स्प्रे घेतेस का? घरात कुणाला नेब्युलायझर मास्कने देतेस का? औषधाचा फवारा तोंडाभोवती बसतो आणि लहान मुलांनाही असंच कडं येतं. पंप बंद करायचा नाही, तो दम्यासाठी लागतो. घेतल्यावर चूळ भरायची आणि तोंडाभोवती ओल्या फडक्याने पुसायचं. सासूबाईंच्या पायाला खाजेचं मलम चोळून देत असशील तर हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नकोस.

तर करायचं काय? करायचं फार थोडं, आणि अवघड तेच आहे. चेहरा दिवसातून दोनदा नुसत्या कोमट पाण्याने धू, मऊ पंचाने टिपून घे. फेसवॉश, फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, नाइट क्रीम, सीरम सगळं कपाटात. बेसन, हळद, लिंबू, कोरफड, खोबरेल तेलसुद्धा नको. 'नैसर्गिक आहे' हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की मोजायचं सोडून दिलं. खूपच ओढल्यासारखं झालं तर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर अगदी पातळ, डॉक्टरांना दाखवून. उन्हात ओढणी आणि छत्री, कारण काही सनस्क्रीनही या काळात त्रास देतात. लिपस्टिक ओठांपुरती राहिली आणि झोंबली नाही तर चालेल, पण थोडे दिवस तीही बाजूला ठेवलीस तर बरं.

आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खाजगी परवडत नसेल तर एसएसजीच्या, म्हणजे सरकारी सयाजी रुग्णालयाच्या, त्वचेच्या ओपीडीत जा, रांगेची तयारी ठेवून. तिन्ही रिकाम्या ट्यूबा आणि चौथी भरलेली पिशवीत घालून ने. 'एक साधी क्रीम लावायचे' असं मोघम सांगू नकोस. किती महिने, दिवसातून किती वेळा, सगळं सांग. लाज वाटली तरी सांग. कारण ट्यूब एकदम थांबवायची की सौम्य औषधावर उतरत थांबवायची, हे त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं. ते बहुधा मेट्रोनिडाझोल किंवा अॅझेलिक अॅसिडसारखं लावायचं औषध देतील, स्टेरॉइड नसलेलं पायमेक्रोलिमस देतील, आणि जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे. गोळ्या मिळाल्या तर माझ्या जुन्या धंद्यातल्या सूचना ऐक. पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळते. तिच्यामुळे ऊन जास्त लागतं. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर आधीच सांगायचं, ती चालत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांनाही सहसा देत नाहीत. आणि पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून पट्टी अर्धी टाकायची नाही. फरक दिसायलाच काही आठवडे लागतात.

डॉक्टरांकडे जायचं आणखी एक कारण म्हणजे सगळंच तोंडाभोवतीचं लाल हे हेच नसतं. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडणं वेगळं, त्यामागे बुरशी असते, कधी लोह किंवा बी१२ कमी असतं. कडेने चढलेलं, मध्ये साफ दिसणारं, खाजणारं गोल गजकर्ण असू शकतं, आणि त्यावर स्टेरॉइड लावलं की ते ओळखूच येत नाही. सतत जीभ फिरवणाऱ्या मुलांचं कडं थेट ओठाला चिकटून असतं, तिथे ती कोरी पट्टी नसते. उन्हाळ्यात साल न काढता आंबा चोखणाऱ्यांना चिकाचं उठतं. ओठ किंवा डोळे सुजले, ताप आला, पिवळ्या खपल्या धरल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जायचं.

आता खरी कसोटी. ट्यूब थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत चेहरा आजच्यापेक्षा वाईट होईल. खूप वाईट. आग होईल, नवे दाणे येतील, कदाचित गालांपर्यंत जाईल. हे एक ते तीन आठवडे चालू शकतं. गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेव, बरं वाटतं. पण साधारण आठव्या-दहाव्या दिवशी, एखाद्या संध्याकाळी, कुणी पाहुणे यायचे असतील, आणि जाऊबाई मायेनेच म्हणतील, 'अगं, एवढंसं लाव, आजच्यापुरतं.' सासूबाईही म्हणतील. तुलाही तेच वाटत असेल. तेव्हा कपाटात ट्यूब असता कामा नये. म्हणून तर म्हटलं, ती डॉक्टरांकडे ने आणि तिथेच ठेवून ये.

लग्न माघात आहे, म्हणजे हातात सुमारे अडीच महिने. दोन-तीन आठवडे भडक्याचे धर, पुढे सहा-आठ आठवडे औषधाचे. बसतं, जेमतेम बसतं. 'लग्न होऊन जाऊ दे, मग थांबवते' असं केलंस तर ऐन सीमांतपूजनाच्या दिवशी ट्यूबच्या दयेवर असशील, आणि आधीच्या आठवड्यात ती संपली किंवा विसरली तर काय होईल ते तुला तिन्ही वेळच्या अनुभवाने माहीत आहे. तेव्हा आजच सुरू कर. लग्नात थोडे खुणेसारखे डाग राहिलेही असतील. फोटोग्राफरला ते दिसतात, बाकी सगळे नवरा-नवरीकडे बघत असतात.

हळदीच्या दिवशी सांभाळ. घरची वहिनी म्हणजे सगळ्या जणी आधी तुझ्याच तोंडाला हळद फासणार. आदल्या दिवशीच चुलत सासवांना सांगून ठेव, माझ्या हातापायांना लावा, तोंडाला नको, औषध चालू आहे. मेकअपवालीलाही तेव्हाच सांग, नाक-हनुवटीचा भाग जमेल तितका मोकळा ठेवायचा, डोळे हवे तेवढे रंगव. मंगळबाजारातून घेतलेलं नवं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा चेहऱ्यावर नको.

आणि जाऊबाई. त्यांच्यावर रागवू नकोस, त्यांनी स्वतः वापरतात तेच तुला दिलं. पण ज्या अर्थी त्या 'डाग जातात' म्हणून ट्यूब लावतात, त्या अर्थी त्यांचंही वर्ष-दोन वर्षं चालू असणार, आणि त्यांना अजून काही झालेलं दिसत नसेल तर ते ट्यूब चालू आहे म्हणून. त्यांनाही सोबत ने. 'तुम्ही बंद करा' असं म्हणून ऐकणार नाहीत. 'मला एकटीला भीती वाटते, चला ना बरोबर' म्हण, आणि त्यांची ट्यूबही पिशवीत घाल.